बोलणं फुकट

आमच्या घरात बोलायचं म्हणजे आधी हात धुवावे लागतात.

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, काय टापटिपीची माणसं आहेत! मग कळलं. सासूबाई जन्मापासून बहिऱ्या, म्हणून मुक्या. त्यांची जीभ म्हणजे त्यांचे हात, आणि आमचा धंदा कुंड्या घडवायचा. दिवसभर हात कोपरापर्यंत मातीत. मातीच्या हातांनी बोललं तर बोटं नीट दिसत नाहीत, वर समोरच्याच्या तोंडावर शिंतोडे. म्हणून काही सांगायचं झालं की त्या चाक थांबवणार, बादलीत हात बुचकळणार, फडक्याला पुसणार आणि मग बोलणार. एवढे सोपस्कार करायचे म्हटल्यावर माणूस फालतू बोलत नाही. मला ते फार जड गेलं. मी माहेरची बोलघेवडी. इथं आल्यावर पहिले काही महिने मी शेळीशी बोलत होते.

घरात आम्ही चार माणसं. आमचे हे माती आणायचे, भिजवायचे, तुडवायचे, आणि भट्टी लावायचे. सासूबाई चाकावर. मी ओल्या कुंड्या उचलून सावलीत मांडायची, उलट्या-सुलट्या करायची, ऊन आलं की सरकवायची. आणि चौथी माझी नणंद, चिमणी. खरं नाव वेगळं, पण मुक्या आईची पोर दिवसभर एवढी चिवचिवायची की तेच नाव पडलं. मी आले तेव्हा ती लग्नाची होती, आणि तिचं काम सगळ्यांत हलकं दिसायचं. हलकं दिसायचं, एवढंच.

भट्टी उघडली की प्रत्येक कुंडी वाजवून बघावी लागते. बोटाचं पेर मारायचं. पक्की भाजली असेल तर खण्ण वाजते. आत तडा असेल तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण आवाज बसतो, पडसं झालेल्या माणसासारखा. सासूबाईंना मातीतलं सगळं येतं, तेवढं एक येत नाही. म्हणून चिमणी चालायला लागली तेव्हापासून भट्टीच्या तोंडाशी बसून पेर मारायची आणि आईला सांगायची. पक्की असेल तर मूठ आवळून छातीवर एकदा टेकवायची. तडा असेल तर डावा पंजा उघडून त्यावरून उजव्या हाताचं नख ओढायचं. मग सासूबाई विचारणार, काठाला की बुडाला? ओठांवर बोट ठेवलं की काठाला. तळहात खाली जमिनीकडे दाबला की बुडाला. काठाचा तडा बुजवता येतो, रंग देऊन निम्म्या भावात जाते. बुडाचा तडा असेल तर उकिरडा.

पुढं पुढं मायलेकींची ती बोलीच होऊन गेली. ताप कसा आहे? हवेत पेर मारायचं. मूठ छातीवर, म्हणजे उतरला. शाळेत मार खाल्ला? नख पंजावर. काठाला की बुडाला? ओठांवर बोट, म्हणजे फार नाही. मला त्यांच्या बोलण्यातलं निम्मंच कळायचं. सुनेशी बोलताना सासूबाई एकेक शब्द ठेवून बोलायच्या, लेकीशी बोलताना त्यांच्या बोटांना पंख फुटायचे. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू. चार माणसांच्या घरात दोघी दिवसभर हसतात आणि आपल्याला विनोद कळत नाही, म्हणजे माणसाला वाटणारच की हसतात ते आपल्यावरच.

मग चिमणीचं लग्न झालं आणि ती लांब गेली. लांब म्हणजे एक गाडी, मग आगगाडी, मग पुन्हा गाडी. जावई सिमेंटच्या कारखान्यात मुकादम. कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्या, त्यात तो, त्याची आई आणि आमची चिमणी. जाताना सासूबाईंनी तिला एक लहानशी कुंडी दिली, काठाला वेलबुट्टी काढून. चिमणीनं सगळ्यांच्या देखत पेर मारलं. खण्ण! मूठ छातीवर टेकवली आणि मग रडली.

मला वाटलं, आता सासूबाई खचणार. पण आमच्या ह्यांनी मोबाईल आणला. तेव्हा नेट अनलिमिटेड होतं. महिन्याचे पैसे एकदा भरायचे आणि कितीही वापरा, कोणी विचारत नव्हतं. मग काय, चाकासमोरच्या फळीवर एका कच्च्या कुंडीला टेकवून फोन उभा केला तो कायमचा. सकाळी चुली पेटल्या की व्हिडिओ लागायचा आणि जावई कामावरून यायच्या वेळेला बंद व्हायचा. सारखं बोलत होत्या असं नाही. इकडं चाक फिरतंय, तिकडं चिमणी भाजी निवडतेय, कपडे वाळत घालतेय. मधेच सासूबाई मान वर करून बघायच्या आणि पुन्हा खाली. एका खोलीत बसल्यासारखं. काही सांगायचं झालं की इकडं हात धुवायचे, तिकडं चिमणी विळी बाजूला सारायची.

मी एकदा ह्यांना म्हटलं, "लग्न करून दिलीत की नुसती फोनमध्ये ठेवलीत बहिणीला?"

हे म्हणाले, "तुझ्या पोटात का दुखतंय? आवाज तरी आहे का त्या दोघींचा?"

आवाज नव्हता. तिकडच्या घरात तर तीच खरी गंमत होती. चिमणीची सासू तिच्या मागंच बसलेली असायची, मला पडद्यावर दिसायची. चिमणी तिच्या पुढ्यात बसून आईला काय वाट्टेल ते सांगायची आणि विहीणबाईंना वाटायचं, पोर हातवारे करतेय बिचारी. एकदा तर चिमणीनं सासूच्या घोरण्याची अशी नक्कल केली की सासूबाईंच्या घशातून हसण्याचा तो हुंकार निघाला आणि चाकावरची कुंडी वाकडी झाली. विहीणबाई मागून विचारत होत्या, "काय म्हणते गं तुझी आई?" चिमणी म्हणाली, "तुमची तब्येत विचारते."

पण सगळंच हसण्यावारी नव्हतं, हे मला नंतर नंतर दिसायला लागलं. काही दिवशी सासूबाई हवेत पेर मारायच्या आणि चिमणीचं नख पंजावरून जायचं. काठाला की बुडाला? ओठांवर बोट. काठाला. मग सासूबाई बराच वेळ बोलत राहायच्या, हळूहळू, माती चेपल्यासारखे हात करून. दुसऱ्या दिवशी मूठ छातीवर आलेली असायची. मी विचारलं तर सासूबाई मान हलवायच्या, काही नाही. सुनेला कशाला सांगायचं? मीही फार ताणलं नाही. नवराबायकोत कुरबुर कुठं नसते.

आणि मग तो मेसेज आला.

आता घरात वाचता येतं ते मला एकटीलाच. कंपनीनं लिहिलं होतं, प्रिय ग्राहक, आपला जुना प्लॅन आता उपलब्ध नाही, आपल्या गरजेनुसार नवा प्लॅन निवडा. प्रिय म्हटलं तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्यात कोणी कोणाला प्रिय म्हणतं ते काहीतरी काढून घ्यायचं असलं की.

मी सासूबाईंना घेऊन रिचार्जच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळे टॉवर म्हणतात. माणूस उंच आणि हाडकुळा, आणि चार गावांत कुठं रेंज येते ते त्याला ठाऊक.

"आता पायऱ्या केल्यात वहिनी," टॉवर म्हणाला. "लहान, मधला, मोठा. रोजचा वाटा ठरलेला. वाटा संपला की नेट गोगलगायीसारखं."

"आणि दिवसभर व्हिडिओ लावायचा असेल तर?"

"दिवसभर?" तो हसला. "दिवसभर कोण बघतं? सिनेमे बघता काय?"

"लेकीशी बोलतात या."

"मग कॉल करा की! कॉल सगळ्या प्लॅनमध्ये अनलिमिटेड. सगळ्यांत लहान प्लॅन घ्या, दिवसरात्र बोला. बोलणं फुकट केलंय कंपनीनं."

सासूबाई त्याच्या ओठांकडं बघत होत्या. मी म्हटलं, "बोलणारीला तोंड नाही हो."

टॉवर जरा ओशाळला. तो काही वाईट माणूस नाही. म्हणाला, "मग मेसेज लिहा."

"अक्षरओळख नाही."

"मग आवाज रेकॉर्ड करून..." आणि स्वतःच थांबला. दुकानात खुर्चीवर बसलेला एक जण फस्सकन हसला. सासूबाईंनी हसणाऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हवेत पेर मारलं. काय झालं? मी काय सांगणार? मी डावा पंजा उघडला आणि नख ओढलं. त्यांनी विचारलं, काठाला की बुडाला? मी ओठांवर बोट ठेवलं. मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

आम्ही मधला प्लॅन घेतला. मोठा परवडण्यासारखा नव्हता. त्या दिवसांत हवा ढगाळ होती, कुंड्या वाळत नव्हत्या, भट्टी लागत नव्हती.

दुपार व्हायच्या आत वाटा संपायचा. पडद्यावर चिमणी थिजायची आणि तिच्या तोंडावर ते लहानसं चाक फिरायला लागायचं. पहिल्यांदा सासूबाईंना वाटलं, हे काहीतरी आमच्याच धंद्यातलं आहे. त्यांनी मला विचारलं, हे चाक फिरतंय, मग याच्यावर माती कोण ठेवणार? मी म्हटलं, कोणी नाही. ते नुसतंच फिरतं.

टॉवरनं युक्ती सांगितली, चित्र बारीक करा, वाटा पुरेल. केलं. वाटा पुरला, पण बोटं दिसेनात. चिमणीचे हात म्हणजे नुसते दोन ढग. एक बोट की दोन, ओठावर की हनुवटीवर, काही कळायला मार्ग नाही. सासूबाई फोन नाकाला लावून बघायच्या, मग लांब धरायच्या, मग काच पुसायच्या. त्यांचा असा समज की मातीच उडाली असणार. पुसून पुसून काचेवर ओरखडे उठले.

शेवटी ठरलं की रोज थोडाच वेळ लावायचा, पण चित्र नीट ठेवायचं. आणि तिथंच सगळं बिघडलं. वेळ मोजका म्हटल्यावर दोघी घाईनं बोलायला लागल्या. जेवलीस? जेवले. बरी? बरी. ते नुसतं एका खोलीत बसल्यासारखं बसणं गेलं. मला आता वाटतं, तडा कुठं आहे हे त्या बसण्यातनंच कळत होतं. पाहुण्यासारखं येऊन उभ्या उभ्या विचारलं तर कोण सांगतं?

एके दिवशी सासूबाईंनी सरळ हवेत पेर मारलं. चिमणीनं मागं वळून पाहिलं, मग डावा हात वर केला, पंजा उघडला, उजवा हात उचलला, आणि चित्र थिजलं. चाक फिरायला लागलं.

सासूबाई थांबल्या. मी म्हटलं, संपला वाटा. त्यांनी मला गप्प केलं. फोनसमोर बसून राहिल्या. चाकावरचा गोळा सुकून फुटला तरी उठल्या नाहीत. पंजा उघडलाय म्हणजे तडाच, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, पंजा काय माणूस शंभर गोष्टींना उघडतो. कदाचित पाच म्हणत असेल. कदाचित थांब म्हणत असेल. त्यांनी स्वतःचा डावा पंजा पडद्याशेजारी धरला आणि मला दाखवला. अगदी तसाच होता.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ लागलाच नाही. संध्याकाळी चिमणीचा साधा फोन आला, माझ्याशी बोलायला.

"वहिनी, माझा प्लॅन बदललाय ह्यांनी. लहान घेतलाय. त्यात नेट नसल्यातच जमा. मोठा त्यांना कामाला लागतो ना. पण कॉल फुकट आहेत, आईला काय विचारायचं ते तू विचार, मी सांगते."

"काल काय म्हणत होतीस?"

"काल? काही नाही. सगळं ठीक आहे."

मागून विहीणबाईंचा आवाज आला, "स्पीकरवर टाक गं, आम्हालाही ऐकू दे माहेरची ख्यालीखुशाली."

तेव्हापासून मी त्या दोघींच्या मध्ये बसले. सासूबाई हात धुऊन माझ्याकडं बघून बोलायच्या, मी ते तोंडानं फोनमध्ये सांगायची, तिकडून चिमणी सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्यायची, ते मी हातानं सासूबाईंना सांगायची. आजवर ज्या सुनेला अर्धंच सांगितलं, तिच्यातूनच आता लेकीपर्यंत जायचं. त्या बोटं उचलायच्या आणि अर्ध्यात खाली ठेवायच्या. लेकीला काय विचारायचं ते माझ्यासमोर विचारवत नव्हतं, आणि विचारलं तरी तिला तिच्या घरात उत्तर देता येत नव्हतं. मग उरायचं काय? जेवलीस? जेवले. कंपनीनं फुकट केलेलं बोलणं ते एवढंच.

सासूबाई मला प्रत्येक वेळी एकच विचारायच्या. आवाज कसा होता?

मी सांगायची, पक्का.

त्या माझ्याकडं बघत राहायच्या. भट्टीशी आता पेर मारायचं काम माझ्याकडं आलं होतं आणि मी दोनदा तडकलेल्या कुंड्या पक्क्या म्हणून नर्सरीला धाडल्या होत्या. माझ्या कानावर त्यांचा विश्वास बसावा तरी कसा!

एक दिवस त्या दिसेनात. चाकावर नाहीत, मागं नाहीत. आल्या तेव्हा चेहरा उजळलेला, हात रिकामे. हात धुवायचं कारण नव्हतं तरी धुतले आणि सांगितलं. आधीच भाजून बाजूला ठेवलेल्या मोठ्या जोडकुंड्या, ज्या त्यांनी कुणा बंगल्यासाठी घडवल्या होत्या, त्या हातगाडीवर घालून टॉवरच्या दुकानापुढं नेऊन ठेवल्या. फोनमधला चिमणीचा फोटो दाखवला. मग मोठा म्हणून हात फाकवले. टॉवरला कळलं. त्यानं चिमणीच्या नंबरावर मोठा रिचार्ज मारला.

हे खूश झाले. "बघ, आमची आई! मुकी असून तिनं जे केलं ते आपल्याला तोंड असून सुचलं नाही."

मीही खूश झाले. दुपारी सासूबाईंनी फोन पुन्हा फळीवर, त्या जुन्या जागी उभा केला. चिमणीचा व्हिडिओ लागला, चित्र लख्ख. पण पडद्यावर चिमणी नव्हती, जावई होता. कामाच्या वेळी तो घरी काय करत होता कोण जाणे. नंबर त्याच्या नावावर, त्यामुळे रिचार्जचा मेसेज त्यालाच गेला होता.

"नमस्कार," तो म्हणाला. मी पुढं झाले. "वहिनी, हे काय केलंत? आम्ही काय भिकारी आहोत? बायकोचा फोन भरायची ऐपत नाही का माझी? वसाहतीत कोणाला कळलं तर काय म्हणतील?"

"अहो, तसं नाही, आईंना हो, लेकीला बघावंसं वाटलं..."

"आवाज आहे ना ऐकायला? कॉल फुकट आहेत. बोला ना रोज. मी कधी नको म्हटलंय?"

तो अगदी शांतपणे बोलत होता. मला बाई चिडलेल्या माणसाची भीती वाटत नाही, असल्या शांत माणसाची वाटते. त्याच्या मागं खिडकी होती आणि खिडकीत वेलबुट्टीची कुंडी होती. सासूबाईंनी माझ्या खांद्यावरून हात काढून पडद्यापुढं हवेत पेर मारलं, त्याला नाही, कुठं कोपऱ्यात चिमणी असेल तर तिला. जावयाला वाटलं नमस्कार केला. त्यानं नमस्कार केला आणि बंद केलं.

नंतर व्हिडिओ कधीच लागला नाही. मोठा रिचार्ज त्या नंबरावर तसाच पडून होता. फोनही येईना. आम्ही लावला तर वाजून वाजून थांबायचा.

मग ऊन पडलं, कुंड्या वाळल्या, भट्टी लागली आणि निवली. आम्ही ती उघडत होतो. हे आत वाकून एकेक कुंडी काढून देत होते, मी राखेत बसून पेर मारत होते. सासूबाई समोर उकिडव्या बसून माझ्या हाताकडं बघत होत्या. खण्ण, मूठ. खण्ण, मूठ. आणि माझ्या कमरेला खोचलेला फोन वाजला. चिमणी.

"वहिनी, मी बोलतेय." आवाज स्पष्ट होता, जरा मोठाच. स्पीकरवर असणार. "सगळं बरं आहे. आईला सांग, सगळं अगदी पक्कं आहे."

मी सासूबाईंकडं बघून मूठ आवळली. छातीवर नेणार, तेवढ्यात फोनमधून एक आवाज आला. पेर मारल्याचा. बसका. पडसं झालेल्या माणसासारखा.

"काय वाजलं गं?"

"काही नाही. आईची कुंडी पुसतेय. खिडकीतली." आणि पुन्हा वाजवली. पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा वाजवली. "हे म्हणतात, चुकून हात लागला."

 तोंडानं ती पक्कं म्हणत होती आणि पेरानं खरं सांगत होती. सबंध घरात ते कळणारं कोणी नव्हतं, आणि इकडं ज्या माणसाला सांगायचं त्या माणसाला ऐकू येत नव्हतं. मधे मी. माझे कान! देवा, असल्या वेळी माझेच कान का!

मी मूठ उघडली. डावा पंजा पुढं धरला आणि त्यावरून नख ओढलं.

सासूबाई उठल्या. हात कोरडे होते, नुसती राख होती, तरी त्या बादलीपाशी गेल्या, हात धुतले, पुसले आणि माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. आणि विचारलं.

मी फोनमध्ये म्हटलं, "चिमणे, आई विचारतेय. काठाला की बुडाला?"

तिकडं विहीणबाईंचं भांडं कुठंतरी खणखणलं.

"बुडालाच आहे वहिनी," चिमणी म्हणाली. आता आवाज मोठा नव्हता. "बूड सुटलंय. माती धरणार नाही आता."

मागून विहीणबाई बोलल्या, "फुटक्या कुंडीचं काय पुराण लावलंय? फुकट आहे म्हणून..." आणि फोन बंद झाला.

मी तळहात खाली जमिनीकडं दाबला. सासूबाईंनी तो पाहिला. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, मी कधी ऐकला नव्हता तसा. हे भट्टीतून बाहेर आले, "काय झालं, आई पडली का?" म्हणत.

ह्यांनी जावयाला फोन लावला. त्यानं लगेच उचलला. "अहो दादा, तुमची बहीण ठणठणीत आहे. आत्ताच नाही का बोलली तुमच्या बायकोशी? कुंड्यांवरून काय रडताय?" ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. कुंडीच्या आवाजावरून कुठं तक्रार करता येते? पोलिसात सांगावं तर काय सांगावं, बहिणीनं पेर मारलं? ते तसेच राखेच्या कपड्यांनी निघाले. मिळेल ती गाडी, मग आगगाडी, मग पुन्हा गाडी. सासूबाई मागं धावल्या. ह्यांनी त्यांना वळवून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "फोन लावत राहा. उचलला की मी निघालोय म्हणून सांग. नाही, सांगू नको. नुसतं बोलत राहा."

मी लावत राहिले. पहिल्यांदा नुसता वाजला. मग वाजेचना.

भट्टी तशीच उघडी राहिली. निम्म्या कुंड्या आत, निम्म्या बाहेर. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. फळीवर ठेवतील, चाकासमोर, असं मला वाटलं. त्यांनी तो डाव्या तळहातावर आडवा धरला, कुंडी धरतात तसा, आणि त्याच्या पाठीवर पेर मारलं. मग फोन माझ्या कानाला लावला आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. सांग. पक्कं की तडा?

मी ऐकलं. कंपनीची बाई बोलत होती. आपण ज्या ग्राहकाशी संपर्क करू इच्छिता तो सध्या उपलब्ध नाही. गोड, सावकाश, एकेक शब्द सुटा. पुन्हा पहिल्यापासून तेच म्हणाली. तिच्या आवाजाला कुठं म्हणून तडा नव्हता.

सासूबाईंनी पुन्हा पेर मारलं. मी हात पुढं केला, आणि मूठ आवळावी की पंजा उघडावा, ते मला कळेना.